वडिलांच्या सावलीतला वाङ्निश्चय
किर्केगार्ड, रेगिने ओल्सेन आणि मागे उरलेले कागद

नोव्हेंबर १८५५ मध्ये कोपनहेगनच्या फ्रेडरिक इस्पितळात एक अविवाहित लेखक वारला. वय अवघे बेचाळीस. त्याच्या सामानात थोरल्या भावाच्या नावे एक मोहोरबंद पत्र सापडले. आपल्या मागे जे काही थोडेफार उरेल ते सारे श्रीमती रेगिने श्लेगेल यांना बिनशर्त द्यावे, अशी त्यात इच्छा होती. कारणही दिले होते. वाङ्निश्चय आपल्या लेखी विवाहाइतकाच बंधनकारक होता आणि आहे, म्हणून विधवेला जावे तसे हे तिच्याकडे जावे.

हा वाङ्निश्चय मोडून तेव्हा चौदा वर्षे लोटली होती. मोडला होता त्यानेच. रेगिनेच्या लग्नाला आठ वर्षे झाली होती आणि ती अटलांटिकपलीकडच्या एका बेटावर, गव्हर्नरची पत्नी म्हणून राहत होती.

लेखकाचे नाव सोरेन किर्केगार्ड. मराठी वाचकाला ते अस्तित्ववादाच्या चर्चेतून ऐकून माहीत असते. या प्रकरणाकडे मी तत्त्वज्ञानाच्या वाटेने आलो नाही. जुनी पत्रे आणि दप्तरे वाचण्याची मला आवड आहे, आणि युरोपातल्या कोणत्याही मोडलेल्या लग्नाचे इतके कागद मागे उरलेले मी पाहिलेले नाहीत. ते कागद वाचताना एक प्रश्न सतत पुढे येत राहिला. स्वतः मोडलेले नाते जो माणूस मरेपर्यंत सोडत नाही, त्याला नेमके काय सोडता आले नव्हते?

डेन्मार्क आपल्याला वाटतो तितका परका नाही. तामिळनाडूतील तरंगंबाडी आणि बंगालमधील सेरामपूर ही ठाणी १८४५ पर्यंत डॅनिश अमलाखाली होती. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले ते सेरामपूरलाच. लहानशा राजधानीतून दूरदूरची ठाणी सांभाळणारे हे राज्य होते. रेगिनेला कॅरिबियन समुद्रापर्यंत नेणार होते तेही हेच राज्य.

माळरानावरचा मुलगा

कथेची सुरुवात रेगिनेच्या जन्माच्या कितीतरी आधी होते. सोरेनचे वडील मायकेल पेडरसन किर्केगार्ड यांचा जन्म १७५६ चा. जटलंड प्रांतातल्या सेडिंग या गरीब खेड्यात ते लहानपणी मेंढ्या राखत. थंडी, भूक आणि एकटेपणा सहन न होऊन त्या मुलाने एकदा टेकाडावर उभे राहून देवाला शिव्याशाप दिले. पुढे तो कोपनहेगनला मामाच्या दुकानात गेला, लोकरी माल आणि कापडाच्या व्यापारात मोठा झाला आणि चाळिशीतच व्यापारातून निवृत्त होण्याइतका श्रीमंत झाला. ते टेकाड मात्र त्याच्या मनातून गेले नाही. देवाने आपल्याला भरभराट दिली ती शिक्षा म्हणूनच, अशी त्याची समजूत झाली.

त्यात दुसरी बोचणी मिळाली. पहिली पत्नी १७९६ मध्ये निपुत्रिक वारली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी घरातल्या कामवालीशी, आने लुंड हिच्याशी लग्न केले आणि पाच महिने व्हायच्या आत पहिले मूल जन्माला आले. अत्यंत धर्मनिष्ठ माणसाच्या घरातली ही गोष्ट कोणी बोलत नसे, पण तारखा चर्चच्या नोंदवहीत होत्या.

या दांपत्याला सात मुले झाली. सोरेन सर्वांत धाकटा, जन्म ५ मे १८१३. एक भाऊ शाळेच्या आवारातल्या अपघाताने बाराव्या वर्षी गेला. थोरली बहीण चोविसाव्या वर्षी गेली. १८३२ ते १८३४ या अवघ्या तीन वर्षांत दोन बहिणी, अमेरिकेला गेलेला एक भाऊ आणि आई असे चौघे गेले. उरले म्हातारे वडील आणि दोन मुलगे, पीटर क्रिश्चन आणि सोरेन. आपल्या डोळ्यांदेखत सगळी मुले जाणार, येशूच्या तेहेतीस वर्षांच्या पुढे एकही जगणार नाही, अशी वडिलांची खात्री झाली होती आणि ती मुलांमध्येही उतरली होती. १८४७ मध्ये चौतीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा सोरेनला खरोखर नवल वाटले, याची नोंद आहे. वडिलांचे दीर्घायुष्य हा आशीर्वाद नसून शाप आहे, हे ध्यानात आले त्या क्षणाला त्याने रोजनिशीत भूकंप म्हटले आहे.

वडील ऑगस्ट १८३८ मध्ये वारले. दोन मुलगे जिवंत राहिले, म्हणजे भाकीत खोटे ठरले होते. तरी धाकट्याची सुटका झाली नाही. वडिलांची इच्छा म्हणून त्याने धर्मशास्त्राची रखडलेली परीक्षा जुलै १८४० मध्ये दिली. मग तो जटलंडला, वडिलांच्या त्या खेड्याला जाऊन आला. परतल्यावर महिनाभरातच, ८ सप्टेंबरला, त्याने रेगिनेला मागणी घातली. खेड्याची यात्रा आणि मागणी यांतले हे अंतर मला महत्त्वाचे वाटते. वडिलांचे देणे फिटले, आता आपले आयुष्य सुरू करू, असा काहीसा हिशेब त्यामागे असावा. हा माझा तर्क आहे. तारखा मात्र तर्काच्या नाहीत.

तेरा महिने

रेगिने ओल्सेन ही सरकारी खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याची मुलगी. जन्म २३ जानेवारी १८२२. दोघांची पहिली भेट १८३७ मध्ये एका ओळखीच्या घरी झाली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. मागणीच्या दिवशी ती घरी एकटीच होती. तिने पियानो वाजवायला घेतला. त्याने स्वरलिपीची वही मिटून बाजूला टाकली आणि आपण कशासाठी आलो ते सांगितले. ती गप्प राहिली. तो तसाच तिच्या वडिलांकडे गेला. दोन दिवसांनी होकार आला. पूर्वी आपल्याला शिकवणाऱ्या फ्रिट्झ श्लेगेलबद्दल तिने सांगू पाहिले, तेव्हा ते सारे कंसातले समजू, असे उत्तर त्याने दिले.

आणि दुसऱ्याच दिवशी आपली चूक झाली असे त्याला आतून कळले, असे तो लिहितो.

इथे थोडे थांबायला हवे. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला अस्सल कागद आणि बखर यांतला फरक नव्याने सांगायला नको. अस्सल पत्र घडत असताना लिहिलेले असते. बखर नंतर, कुणाला तरी काही पटवण्यासाठी लिहिली जाते. पियानोचा प्रसंग, कंसाचे बोलणे, दुसऱ्या दिवशीचा पश्चात्ताप हे सगळे किर्केगार्डने १८४९ मध्ये लिहून ठेवलेल्या निवेदनातून आले आहे. घटनेनंतर आठ-नऊ वर्षांनी, आपली बाजू पुढच्या पिढ्यांना कळावी म्हणून लिहिलेले हे निवेदन, म्हणजे बखरच. वाङ्निश्चयाच्या काळात त्याने तिला पाठवलेली तीसेक पत्रे हे अस्सल कागद. ती पत्रे सुंदर आहेत, लाघवी आहेत, आणि त्यांत एक गोष्ट सहज जाणवते. ती समोर असल्यापेक्षा तिची आठवण काढण्यातच लिहिणाऱ्याला अधिक सुख आहे. आज भेटलेल्या मुलीविषयी तो जणू फार पूर्वीची गोष्ट असल्यासारखा लिहितो. म्हणजे बखरीतला पश्चात्ताप नंतर रचलेला म्हणून सोडून देता येत नाही. अस्सल कागदातही त्याची चाहूल आहे.

११ ऑगस्ट १८४१ रोजी त्याने अंगठी परत पाठवली. रेगिने धावत त्याच्या खोलीवर गेली. तो नव्हता. तिने चिठ्ठी ठेवली: येशू ख्रिस्तासाठी आणि तुमच्या दिवंगत वडिलांच्या स्मृतीसाठी मला सोडू नका, अशा अर्थाची. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने आपल्या समजुतीप्रमाणे त्याच्या काळजाचा सर्वांत हळवा धागा ओढला होता. तो ज्याच्यापासून तिला वाचवू पाहत होता, नेमके त्याचेच नाव तिने घेतले, हे तिला कळण्याचा काही मार्ग नव्हता. त्याने कधी सांगितलेच नव्हते.

साखरपुडा मोडला की बोट मुलीकडे वळते, हे जसे आपल्याकडे होते तसेच तेव्हाच्या कोपनहेगनमध्येही होते. दोष आपल्यावर यावा, तिला आपला तिटकारा यावा, म्हणून पुढचे दोन महिने त्याने बेपर्वा माणसाचे सोंग घेतले. मधल्या काळात २९ सप्टेंबरला प्रबंधाची जाहीर चर्चाही पार पाडली. प्रबंधाचा विषय होता उपरोध. ११ ऑक्टोबरला शेवटचे तुटले. तिच्या वडिलांनी नाट्यगृहात गाठून विनवणी केली, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिला भेटला. कधीच लग्न करणार नाही का, असे तिने विचारले. त्याचे उत्तर मुद्दाम ओंगळ होते: करीन, दहा वर्षांनी, मौजमजा करून झाली आणि तारुण्य परत आणायला एखादी कोवळी मुलगी हवीशी वाटली की. त्याच्या हातची चार शब्दांची एक चिठ्ठी ती नेहमी छातीशी बाळगत असे. ती तिने काढली आणि मुकाट्याने बारीक बारीक फाडली. आपण माझ्याशी भयंकर खेळ खेळलात, एवढेच ती म्हणाली, असे तो सांगतो. ती रात्र त्याने रडून काढली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा हसतखेळत वावरला. पंधरवड्यात तो बर्लिनला निघून गेला.

न सांगितलेली गोष्ट

कारण काय, यावर अनेकांनी लिहिले आहे. कोणी शारीरिक आजाराचा संशय घेतला, कोणी लेखनाच्या ध्यासाचा. मला निर्णायक वाटते ती १८४३ मधली रोजनिशीतली एक नोंद. खुलासा करायचा तर वडिलांशी असलेले आपले नाते, त्यांची आणि आपली उदासी, अंतरात साचलेला काळोख या साऱ्या भयंकर गोष्टींत तिला ओढावे लागले असते, असे तो तिथे म्हणतो. लग्न म्हणजे त्याच्या लेखी संपूर्ण मोकळेपणा. वडिलांचे गुपित फोडणे अशक्य, आणि गुपित ठेवून संसार करणे अप्रामाणिक.

ही नोंद त्याच वेळची आहे, म्हणून मी ती अस्सल मानतो. तिच्या जोडीला एक साक्षही आहे. १८६५ मध्ये त्याच्या कागदांची यादी करणाऱ्या बारफोद या संपादकाला माळरानावरच्या मुलाची नोंद सापडली. त्याने ती पीटर क्रिश्चनला दाखवली. त्या वयस्कर बिशपांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ही आमच्या वडिलांची, आणि आमचीही, कथा आहे असे ते म्हणाले.

पण याच साक्षीदाराकडे पाहिले की सोरेनचे समर्थन थोडे पोकळ होते. पीटरही त्याच घरात वाढला. त्याच मयती त्याने पाहिल्या, तेच गुपित त्याला ठाऊक होते. त्याने १८३६ मध्ये लग्न केले, पत्नी वर्षभरात वारली. त्याने दुसरे लग्न केले ते १८४१ मध्येच, म्हणजे धाकट्याने अंगठी परत केली त्याच वर्षी. बहिणींनीही लग्ने केली होती. तेव्हा शापामुळे लग्न अशक्यच झाले, असे म्हणता येत नाही. पीटरच्या उतारवयात तीच उदासी त्याच्यावरही उलटली, बिशपपद त्याने सोडले, हे खरे. तरी एकाच भूतकाळाचे ओझे घेऊन एक भाऊ संसारात उतरला आणि दुसऱ्याने त्या ओझ्याचेच घर केले.

सोरेनला भूतकाळ सुटला नाही, यापेक्षा त्याला तो सोडायचा नव्हता, असे म्हणणे कागदांना अधिक धरून होईल. पुढची चौदा वर्षे हेच सांगतात. रेगिनेही आता त्याच्या भूतकाळात जमा झाली होती, आणि वडिलांना जपले तसेच त्याने तिला जपले.

शिसवी कपाट

बर्लिनहून त्याने एमिल बोसेन या मित्राला पत्रे लिहिली: तिच्यावर लक्ष ठेव, पण मी विचारतो हे कुणाला कळू देऊ नकोस. मार्च १८४२ मध्ये तो परतला. फेब्रुवारी १८४३ मध्ये ‘आयदर/ऑर’ हा ग्रंथ टोपणनावाने बाहेर पडला. त्या ईस्टरला चर्चमध्ये रेगिनेने त्याला पाहून मान हलवली. तेवढ्यावर तो पुन्हा बर्लिनला गेला आणि गेलेले नाते पुन्हा मिळू शकते का, या प्रश्नावर ‘रिपिटिशन’ लिहू लागला. त्याच उन्हाळ्यात बातमी आली की रेगिनेचा वाङ्निश्चय श्लेगेलशी झाला. कंसातला माणूस कंसाबाहेर आला होता. किर्केगार्डने हस्तलिखिताची शेवटची पाने फाडली आणि शेवट बदलला. १८४५ च्या एका पुस्तकात तर अंगठीसोबत पाठवलेली चिठ्ठी त्याने शब्दशः वापरली. आपल्या ग्रंथाच्या नायकाने लिहिलेली ओळ नवऱ्याशेजारी बसून वाचताना रेगिनेला काय वाटले असेल, हा विचार त्याने केला असेल का, असा प्रश्न वाचकाला पडतो.

त्याच्या घरात शिसवाचे एक उंच कपाट होते. एकदा ती म्हणाली होती की तुमच्या घरी छोट्याशा कपाटात राहायला मिळाले तरी चालेल. म्हणून ते आतल्या फळ्यांविना करून घेतले होते. तिच्याशी संबंधित सारे कागद त्यात असत. परत आलेल्या अंगठीचे हिरे त्याने क्रुसाच्या आकारात बसवून घेतले.

रेगिनेचे लग्न ३ नोव्हेंबर १८४७ रोजी झाले. १८४९ मध्ये तिचे वडील वारले. तेव्हा त्याने समेटाच्या हेतूने श्लेगेलला पत्र लिहिले आणि सोबत तिच्यासाठी एक बंद लिफाफा ठेवला. द्यावा की न द्यावा हे तुम्ही ठरवा. श्लेगेलने लिफाफा न फोडता परत पाठवला. मला यात श्लेगेलचा कोतेपणा दिसत नाही. ज्याने स्वतः दार लावले, त्यानेच आठ वर्षांनी ते ठोठावले तर घरातल्या माणसाने काय करावे?

पुढे काही वर्षे कोपनहेगनच्या रस्त्यांवर दोघे एकमेकांसमोरून जात, बोलत नसत. या भेटींच्या जागा आणि वेळा त्याने रोजनिशीत टिपून ठेवल्या आहेत. मार्च १८५५ मध्ये, श्लेगेलची डॅनिश वेस्ट इंडीजवर गव्हर्नर म्हणून नेमणूक झाल्यावर, निघण्याच्या दिवशी रेगिने मुद्दाम त्याच्या वाटेवर आली. देव आपले कल्याण करो, अशा अर्थाचे काही हळूच बोलली. त्याने टोपी काढून नमस्कार केला. आठ महिन्यांनी तो गेला.

तिची बाजू

आतापर्यंत सांगितले त्यातले जवळजवळ सारे त्याच्या कागदांतून आले आहे. तिने मृत्युपत्रातली मालमत्ता नाकारली. पत्रे आणि काही लहानसहान वस्तू तेवढ्या मागवून घेतल्या. त्याला लिहिलेली स्वतःची पत्रे परत मिळाल्यावर तिने ती जाळली. म्हणून संवादाची एकच बाजू आपल्या हाती आहे आणि शंभर वर्षे लोक ती एक बाजूच संवाद समजून वाचत आले.

ती विसरली होती, असे नाही. सेंट क्रॉय बेटावरून तिने त्याचा पुतण्या शोभेल अशा वयाच्या भाच्याशी, हेन्रिक लुंडशी, पत्रव्यवहार केला. आपल्या दोघांत काही बोलायचे राहून गेले, ही खंत त्यात आहे. पण त्याच बेटावरून बहीण कॉर्नेलियाला लिहिलेल्या पत्रांत उकाडा आहे, घरकाम आहे, नवऱ्याचे व्याप आहेत, गावाची ओढ आहे. योआकिम गार्फ या डॅनिश चरित्रकाराने ही पत्रे धरून २०१३ मध्ये तिचे चरित्र लिहिले, तेव्हा ‘किर्केगार्डची वाग्दत्त वधू’ या पदवीमागे एक हिंडतीफिरती, थकणारी, हसणारी बाई आहे हे पहिल्यांदा नीट दिसले.

श्लेगेल १८९६ मध्ये वारले. त्यानंतर म्हातारपणी तिने ग्रंथपाल राफाएल मायर याला आठवणी सांगितल्या आणि जवळची पत्रे सुपूर्त केली. नवरा हयात असेपर्यंत तिने हे केले नाही, याकडे मी लक्ष वेधीन. भूतकाळाची जागा कोणती आणि वर्तमानाची कोणती, हे तिला नेमके ठाऊक होते. १८ मार्च १९०४ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ती गेली. किर्केगार्डनंतर ती अठ्ठेचाळीस वर्षांहून थोडी अधिक जगली. कोपनहेगनच्या असिस्टन्स दफनभूमीत दोघेही आहेत, आपापल्या कुटुंबात.

आपण तिला सोबत घेऊन इतिहासात जाऊ, असे त्याने लिहिले होते, आणि ते खरे झाले. किर्केगार्डचे चरित्र तिच्यावाचून लिहिता येत नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने यातून एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. ज्याला मागचे सोडवत नाही तो लिहीत राहतो, जपत राहतो, प्रती काढतो, कपाटे बनवतो. ज्याला पुढे जायचे असते तो कागद जाळतो आणि कामाला लागतो. म्हणून दप्तरखान्यात पहिल्याचे दुःख ढिगाने सापडते आणि दुसऱ्याचे जवळजवळ सापडत नाही. ते नव्हतेच, असा त्याचा अर्थ होत नाही. अंगठी परत आली त्या दिवशी कोपनहेगनच्या रस्त्यावरून धावत गेलेल्या मुलीचे दुःख कपाटातल्या कागदांहून तसूभरही कमी नव्हते. तिने ते लिहून ठेवले नाही, इतकेच.